पेटीआडचे हात

आमच्या मोडनिंबच्या घरीं बैठकीच्या भिंतीवर एक जुनें छायाचित्र आहे. त्यांत माझे वडील पेटी वाजवीत बसले आहेत. डोक्याला फेटा, मान किंचित् उजवीकडे कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. छायाचित्र काढणाऱ्यानें तें समोरून काढिलें आहे, म्हणजे श्रोते जेथें बसतात तेथून. त्यामुळें वडिलांचा चेहरा आला, फेट्याचा तुरा आला, पेटीच्या पाठीवरची नक्षीहि स्पष्ट आली. परंतु ज्यांच्यासाठीं त्या माणसाचें छायाचित्र काढावें, ते त्यांचे दोन हात मात्र पेटीच्या आड गेले. ज्या हातांनीं आयुष्यभर लावणी गाणाऱ्यांना साथ केली, ते हात कसे चालत हें सांगणारी एक तबकडी किंवा एक चित्र आमच्या घरांत नाहीं.

ही हळहळ मी उगीच सांगत नाहीं. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो याच छायाचित्रांतून निघतो. आपण घरीं वाद्य वाजवितों, त्याचें चलच्चित्र आपणच घ्यावें काय, कां घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कसें घ्यावें, हा तो विषय. एके काळीं हा प्रश्न श्रीमंतांनींच विचारावा असा होता. आज घरोघरीं मोबाइल आहे, त्यांत कॅमेरा आहे, आणि तो कॅमेरा लग्नाच्या पंगतीपासून दारांतल्या मांजरापर्यंत सर्व कांहीं टिपीत असतो. घरांतल्या सतारीकडे किंवा पेटीकडे मात्र तो क्वचितच वळतो. आणि वळला तरी माझ्या वडिलांच्या छायाचित्रकाराप्रमाणें चुकीच्या बाजूनें वळतो.

"स्वतःचें चित्र स्वतःच घ्यावयाचें आणि स्वतःच पाहत बसावयाचें, ही आत्मप्रौढी नव्हे तर काय?" असें माझ्या एका स्नेह्यानें मला विचारिलें. त्यांच्या शंकेत तथ्य नाहीं असें नाहीं. पण आरसा केवळ नटण्यासाठीं नसतो. दाढी करतांना गालावर रक्त येऊं नये म्हणूनहि माणूस आरशांत पाहतो. वाजविणाऱ्यानें आपलें चित्र घ्यावें तें या दुसऱ्या हेतूनें. आणि त्याहून मोठा एक हेतु आहे; तो कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

मोडनिंब हें सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतलें, पुणें-सोलापूर हमरस्त्यावरचें गांव. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारी रेल्वेहि येथून जाते. १९०६ सालीं ती सुरू झाली तेव्हां ती बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी होती, आज तेथें रुंद रूळ आहेत. पण महाराष्ट्रांत या गांवाचें नांव रसिकांच्या तोंडीं असतें तें लावणीच्या कलाकेंद्रांमुळें. येथें संगीतबारी नांदते. ढोलकीफडाच्या तमाशांत वग असतो, सोंगाड्या असतो. संगीतबारींत वग नाहीं. तेथें गाणें, नाच आणि अदा, आणि मागें बसलेले पेटीवाले, तबलजी व ढोलकीवाले. रसिक गाणारीचें नांव लक्षांत ठेवितो, क्वचित् नाचणारीचें. पेटी कोणाची होती हें विचारणारा विरळा.

हा साथीदारांचा अज्ञातवास केवळ मोडनिंबांतला नाहीं. आपल्या संगीतांतलें काय टिकावें आणि काय नाहींसें व्हावें, हें आजवर वाजविणाऱ्यांनीं ठरविलेलें नाहीं. तें दुसऱ्यांनीं ठरविलें. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तासभर फुलणारा राग त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव मोठ्यानें सांगे, कारण मूळ मुद्रिका जर्मनींत हॅनोव्हरच्या कारखान्यांत जात आणि तेथें ती कोणाची हें ओळखतां यावें. गाणारीचें नांव अशा रीतीनें तबकडीवर राहिलें. मागें वाजविणाऱ्यांना आपलें नांव सांगण्याची पाळी बहुधा आलीच नाहीं. आणि ज्यांच्यापर्यंत यंत्र पोंचलें नाहीं, त्यांचें तर कांहींच राहिलें नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या शिष्यांनीं महाराष्ट्र गाजविला, पण बुवांच्या स्वतःच्या आवाजाची एकहि मुद्रिका आज ऐकावयास मिळत नाहीं.

नभोवाणीनें पेटीच्या बाबतींत याहून कठोर निवाडा केला. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यावर मींड निघत नाहीं, श्रुति सांपडत नाहींत, या कारणास्तव १९४० सालीं अखिल भारतीय नभोवाणीनें पेटीला आपलें दार बंद केलें. तें १९७१ सालीं किलकिलें होऊं लागलें. आक्षेप अगदींच खोटे नव्हते. तथापि सुमारें तीन दशकें जें वाद्य देशांतल्या घराघरांत, कीर्तनांत आणि नाटकांत वाजत होतें, तें नभोवाणीवर ऐकूं आलें नाहीं, आणि त्या काळांतल्या वादकांचें जें रेकॉर्डिंग नभोवाणीवर झालें असतें तें झालें नाहीं.

चित्रपटाची गोष्ट तर मौजेची आहे. गोविंदराव टेंबे यांची पेटी महाराष्ट्रानें डोक्यावर घेतली होती. १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' निघाला, त्याचें संगीत गोविंदरावांचें आणि नायकहि तेच. म्हणजे पडद्यावर आपणांस गोविंदराव भेटतात ते राजा हरिश्चंद्राच्या वेषांत! चित्रपटाला राजा हवा होता, पेटीवादक नको होता. यांत कोणाचा अपराध नाहीं. ज्याच्या हातीं यंत्र असतें तो आपणांस हवें तें टिपतो, एवढाच याचा अर्थ.

आणि म्हणूनच यंत्र आपल्या हातीं येणें ही लहान घटना नाहीं. हें मराठी माणसाला प्रथम उमजलें तेंहि घरांतच. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं त्यांनीं घरांत एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि अंकुर वाढतांना दिवसामागून दिवस थोडथोडी चित्रें घेतलीं. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलेलें पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. कॅमेरा हलवावयाचा नाहीं, आणि डोळ्याला एरवीं न दिसणारी क्रिया दिसेपर्यंत धीर धरावयाचा. फाळक्यांच्या त्या वाटाण्याचा हा धडा आपल्या कामाचा आहे. वादकाचा हात हीहि तशीच क्रिया आहे. ती रोज होते, पण खुद्द वाजविणाऱ्यालाहि ती धड दिसत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला प्रश्न कॅमेरा कोठें ठेवावा हा. याचें उत्तर वाद्यागणिक वेगळें आहे. पेटीचें सर्व कार्य वादकाच्या बाजूला चालतें. समोरच्याला दिसते ती केवळ तिची पाठ. म्हणून पेटीसाठीं कॅमेरा वादकाच्या उजव्या खांद्यामागें, डोक्याहून थोडा उंच, पट्ट्यांकडे खालीं पाहणारा असा असावा. तिवई असेल तर उत्तम. नसेल तर पुस्तकांची फळी किंवा स्टुलावर स्टूल ठेवून काम भागतें. या जागेवरून बोटें दिसतात, पण भाता दिसत नाहीं. डावा हात केवळ वारा भरतो असें ज्याला वाटतें त्यानें अजून पेटी ऐकलेली नाहीं. स्वर फुगविणें, विरविणें, बोलाला धक्का देणें हें सर्व भात्याचें काम. म्हणून तीच चीज दुसऱ्यांदा वाजवावी आणि कॅमेरा डाव्या बाजूस न्यावा.

तबल्याचें चित्र समोरून, परंतु वरून घ्यावें. कॅमेरा जमिनीच्या पातळीवर असला तर तबल्याचें खोड आणि डग्ग्याचें पोट तेवढें दिसतें, शाईवर बोट कोठें पडलें तें कळत नाहीं. ढोलकी त्याहून अवघड, कारण तिचीं दोन तोंडें एकमेकांकडे पाठ करून असतात. एकच कॅमेरा दोहोंना न्याय देऊं शकत नाहीं. अशा वेळीं उजवा हात कॅमेऱ्याकडे ठेवावा आणि डाव्या तोंडापलीकडे एक आरसा तिरपा उभा करावा. डाव्या हाताचें प्रतिबिंब त्याच चित्रांत येतें. सतारीचें चित्र दोन्ही हात एका चौकटींत बसतील असें समोरून घेतलें तरी चालतें. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांना लागणारा भोपळा आमच्याच जिल्ह्यांत पंढरपूरच्या बाजूस पिकतो. तेव्हां भोपळा चौकटींतून कापूं नये, एवढी विनंती सोलापूरकर या नात्यानें मीं करावी हें क्षम्य आहे.

येथें दोन फसगती सांगून ठेवतों. मोबाइलला दोन कॅमेरे असतात. पडद्याच्या बाजूचा कॅमेरा आपलें रूप आरशाप्रमाणें उलटें दाखवितो, आणि कांहीं मोबाइल तें तसेंच उलटें सांठवितात. मग उजव्या हातानें वाजविणारा डावखुरा दिसतो, आणि ज्या पोरानें तें पाहून शिकावें तो गोंधळून जातो. यासाठीं पाठीमागचा कॅमेरा वापरावा. त्याची दृष्टीहि बहुधा अधिक तीक्ष्ण असते. दुसरी फसगत तारांची. सतारीची छेडलेली तार चित्रांत सापासारखी वळवळतांना दिसते आणि पाहणारा थक्क होतो. तार तशी खरोखर वळवळत नाहीं. कॅमेरा संपूर्ण चित्र एकदम न टिपतां एकेक ओळ वरून खालीं वाचीत जातो; तेवढ्या अवधींत तार जागा बदलते, आणि निरनिराळ्या क्षणांच्या जागा एकाच चित्रांत जोडल्या जातात. ती तारेची लीला नसून यंत्राचा दृष्टिदोष आहे.

उजेडाविषयीं नियम सोपा आहे. उजेड वादकाच्या पाठीमागून नसावा, हातांवर पडावा. सकाळचा खिडकींतला उजेड सर्वांत चांगला. रात्रीं दिव्याखालीं चित्र घेतलें तर कधीं कधीं काळे पट्टे चित्रावरून सरकतांना दिसतात. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करितो, त्यामुळें पुष्कळशा दिव्यांचा उजेड सेकंदास शंभर वेळां कमीजास्त होतो. मोबाइल बहुधा सेकंदास तीस चित्रें घेतो. शंभर आणि तीस यांचा मेळ बसत नाहीं, म्हणून हे पट्टे. ज्या मोबाइलमध्यें पंचवीस किंवा पन्नास चित्रांची सोय आहे त्यानें ती वापरावी. नसेल त्यानें दिवसा उजेडीं वाजवावें. द्रुत लयींत सेकंदाला दहाबारा बोल पडतात. तीस चित्रांच्या वेगानें एका बोलाच्या वांट्याला जेमतेम तीन चित्रें येतात आणि बोट पुसट दिसतें. पन्नास किंवा साठ चित्रें घेतलीं तर बोट ओळखूं येतें.

डोळ्याचें झालें, आतां कानाचें. मोबाइलचा डोळा आणि कान एकाच जागीं असतात, आणि अडचण हीच कीं डोळ्याला दूर हवें असतें आणि कानाला जवळ. हात आणि वाद्य चौकटींत बसावें म्हणून कॅमेरा दूर नेला, कीं त्याच्या कानीं वाद्यापेक्षां खोलीचा घुमाराच जास्त पडतो. घरांत दुसरा मोबाइल असेल तर तो केवळ आवाजासाठीं वाद्यापासून दोन हातांवर ठेवावा, दोन्ही चालू करावे आणि आरंभीं एक टाळी वाजवावी. नंतर चित्रांतली टाळी आणि आवाजांतली टाळी एकमेकींवर बसविली कीं दोन्ही जुळतात. चित्रपटांत फळी आपटतात ती याचसाठीं.

खोलीचा घुमारा कमी करण्याचें साधन आमच्या जिल्ह्यांत घरोघरीं आहे, तें म्हणजे सोलापुरी चादर. मात्र एक चादर भिंतीला ताणून ठोकली तर तिचा उपयोग शोभेपुरताच. दोनतीन चादरी एकीवर एक घेऊन, चुण्या घालून, भिंतीपासून वीतभर पुढें टांगाव्यात. खालीं गोधडी अंथरावी. पंखा बंद ठेवावा. सोलापूरच्या बाजूस वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां पंखा बंद करा म्हणणें हें कठोर आहे हें मी जाणतों. म्हणून पहाटेची वेळ धरावी. त्या वेळीं हमरस्त्यावरची रहदारी कमी असते, आणि तबल्याची पुडीहि उन्हानें अजून चढलेली नसते.

याशिवाय यंत्राचा एक आगाऊपणा ध्यानांत ठेवावा. मोबाइल मुळांत बोलण्यासाठीं घडविलेला आहे. हळू बोलणाऱ्याचा आवाज तो चढवितो, ओरडणाऱ्याचा दाबतो. संभाषणांत ही सोय. संगीतांत हा अपघात. ढोलकीची कडाडती थाप आणि पेटीचा हळुवार स्वर हीं दोन्ही एकाच उंचीचीं होतात, आणि चढउतार ज्या वादनाचा प्राण, तें सपाट होतें. ही आपोआप चालणारी दुरुस्ती बंद करतां येत असेल तर करावी. निदान आरंभीं सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा असे दोन तुकडे वाजवून ऐकावे आणि मग मोबाइल पुढें-मागें सरकवावा. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली, कलाकेंद्रें बंद पडलीं आणि गाण्याच्या शिकवण्या मोबाइलवरून होऊं लागल्या. तेव्हां अनेकांनीं एक चमत्कार अनुभविला. शिष्य तंबोरा लावी. गुरूला तो क्षणभर ऐकूं येई आणि मग हळूंच नाहींसा होई. अखंड चालणारा एकसुरी आवाज म्हणजे पंख्याची घरघर, तो गाळावयाचा, अशी त्या यंत्राला शिकवण होती. तंबोरा आणि पंखा यांतला भेद त्याला कोण सांगणार? मूळ आवाज जसाच्या तसा जाऊं द्यावा अशी एक खूण त्या सोयींत असते. ती माहीत होईपर्यंत कित्येकांनीं बिचाऱ्या शिष्यांना दोष दिला.

आतां चित्र कशाचें घ्यावें? सजवून मांडलेल्या मैफलीचें घ्यावें, पण त्याआधीं रियाझाचें घ्यावें. एकच पलटा आधीं विलंबित, मग मध्य, मग द्रुत लयींत वाजवावा. चूक झाली तर थांबूं नये, पुसूं नये. चूक जेथें होते तेथेंच शिकण्यासारखें कांहीं असतें. चित्र लागलीच पाहूं नये. एक रात्र जाऊं द्यावी. वाजवून उठलेला माणूस आपल्या वादनाच्या प्रेमांत तरी असतो किंवा रागांत तरी. दुसऱ्या दिवशीं प्रथम आवाज बंद करून केवळ हात पाहावे. मग चित्र झांकून केवळ ऐकावें. आणि शेवटीं दोन्ही एकत्र. कान आणि डोळा एकमेकांस सांवरून घेतात, म्हणून त्यांची साक्ष वेगवेगळी घ्यावी.

स्वतःकडे असें परक्याच्या नजरेनें पाहणें ही नवी कल्पना नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. त्यांतले सर्वच गळ्याचे नाहींत. डोळे मिटून गाणें, मान वांकडी करणें, गाल फुगविणें हेहि त्यांत आहेत. त्या यादीप्रमाणें माझ्या वडिलांच्या एका छायाचित्रांतच दोन दोष निघतात! परंतु गाणाऱ्याला हे दोष कळावे कसे? गुरूनें सांगावें तेव्हां. ज्याचा गुरु गेला, किंवा ज्याला गुरु लाभलाच नाहीं, त्याला कॅमेरा निदान दोष दाखवितो. दूर कसा करावा हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं माणूसच लागतो.

तें मला कसें कळलें तें सांगतों. वडिलांची एक लकब माझ्या कानांत आहे. कडव्याच्या शेवटीं गाणारी स्वरावर थांबली कीं ते एका स्वरावरून दुसऱ्यावर असे कांहीं उतरत कीं पेटींतून मींड निघाल्याचा भास होई. मीं तें वर्षानुवर्षें काढण्याचा प्रयत्न केला. स्वर बरोबर, लय बरोबर, पण तो भास कांहीं होईना. गेल्या वर्षीं मीं आपल्या वादनाचें चित्र घेतलें आणि वडिलांबरोबर साथीला बसणाऱ्या एका वृद्ध ढोलकीवाल्यांना दाखविलें. त्यांची दृष्टि अधू झाली आहे. त्यांनीं मोबाइल डोळ्यांजवळ धरिला, तोच तुकडा तीन वेळां पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो हात आण्णांचा न्हाय. आण्णा बोट उचलत नव्हतं. काळीवनं पांढरीवर त्येच बोट घसरायचं."

दोन बोटांनीं दोन पट्ट्या दाबल्या कीं स्वर तुटतो. काळ्या पट्टीवरचें तेंच बोट लगतच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर घसरलें, कीं पहिला स्वर मिटतां मिटतां दुसरा उघडतो आणि कानाला मींड ऐकल्यासारखें वाटतें. एवढीशी गोष्ट! कानाला ती सांगतां येत नव्हती, आणि मीं केवळ विचारलें असतें तर त्या वृद्ध गृहस्थांनाहि ती आठवली नसती. चुकीचा हात डोळ्यांपुढें आला तेव्हां बरोबर हात आठवला. पेटीच्या पाठीमागें पन्नास वर्षें झांकून राहिलेला हात त्या दिवशीं मला प्रथम दिसला. म्हणून मी म्हणतों, आपलें चित्र घ्यावें तें जगाला दाखविण्यासाठीं नव्हे, तर ज्यांना कांहीं माहीत आहे अशा माणसांना विचारण्यासाठीं. आणि तीं माणसें आहेत तोंवरच घ्यावें.

या विषयाला एक कडू बाजूहि आहे, ती टाळून चालणार नाहीं. बैठकींत येणारे कांहीं लोक आज मोबाइल उंचावून गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचें चित्र घेतात. त्यांतला त्यांना हवा तो तुकडा कापला जातो आणि गांवोगांव फिरतो. त्यावर ना गाणारीचें नांव, ना साथीदारांचें. अदेच्या मागचा अर्थ गेला, शब्द गेले, उरला तो केवळ देह. तेंच यंत्र कलावंतिणीनें आपल्या घरीं, आपल्या इच्छेनें, आपल्या साथीदारांसह समोर ठेविलें, तर काय दिसावें, किती दिसावें आणि कोणाला दिसावें हें ती ठरविते. यंत्र एकच; फरक तें कोणाच्या हातीं आहे याचा. कायदाहि येथें कलावंताच्या बाजूला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन, आपल्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करूं द्यावें कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क कलावंताला मिळाला. कलावंत म्हणजे कोण याच्या व्याख्येंत गायक, वादक आणि नर्तक तर आहेतच, पण कसरतीचे खेळ करणारा आणि गारुडीहि आहे. तो हक्क पन्नास वर्षें टिकतो. खासगी उपयोग आणि शिक्षण यांना सवलत आहे. पण दुसऱ्याच्या कलेचा तुकडा बाजारांत फिरविणें हें त्या सवलतींत बसत नाहीं. घरांत चित्र घेतांनाहि साथीला बसलेल्याला आधीं विचारावें. घरचा माणूस म्हणून त्याला गृहीत धरूं नये.

शेवटीं जतन करण्याविषयीं. साधारण एका मिनिटाच्या चित्राला शंभर मेगाबाइटच्या आसपास जागा लागते. अर्ध्या तासाच्या रियाझाला तीन गिगाबाइट. सर्वच ठेवण्याचा हव्यास नको. महिन्यांतून एक चित्र निवडून ठेवावें. तें दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावें, कारण मोबाइल पडतो, हरवतो, बिघडतो. व्हॉट्सॲपवरून धाडलेलें चित्र हें मूळ चित्र नव्हे; तें लहान करून पोंचविलेलें असतें. मूळ वेगळें राखावें. आणि आरंभीं, पहिला स्वर लावण्यापूर्वीं, स्पष्ट आवाजांत आपलें नांव, साथीदाराचें नांव, गांव, तारीख, चीज कोणती आणि ती कोणापासून मिळाली, हें सांगावें. गौहरजानला आपलें नांव सांगावें लागलें तें कारखान्याच्या सोयीसाठीं. आपण सांगूं तें आपल्या नातवंडांसाठीं. त्यांना आपला चेहरा ओळखतां येईल, पण ही चीज कोणाची, आणि मागें ठेका कोण धरीत होता, हें त्यांना दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळावयाचें नाहीं.

माझ्या वडिलांचें तें छायाचित्र अजून भिंतीवर आहे. त्याच्याखालीं आतां एक स्टूल असतें, आणि रविवारीं पहाटे त्यावर मोबाइल उभा असतो, माझ्या उजव्या खांद्यामागें, पट्ट्यांकडे तोंड करून. चेहरा त्यांत येत नाहीं. आला नाहीं तरी चालेल. आपल्याहि घरीं कोपऱ्यांत एखादी पेटी किंवा तबल्याची जोडी गवसणींत असेल, आणि ती वाजविणारें माणूस अजून आपल्यांत असेल. येत्या रविवारीं गवसणी काढा, त्या माणसाच्या मागें जाऊन उभे राहा, आणि त्याचे हात टिपून ठेवा.